तारीख : फळ्यावरची आणि इतिहासातली

वर्गात गेल्यावर माझे पहिले काम ठरलेले असते, मग तो तास मराठीचा असो की उर्दूचा. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायची. दोन्ही भाषांत शब्द तोच आहे, पण अर्थात फरक आहे. मराठीत 'तारीख' म्हणजे दिनांक. उर्दूत 'तारीख' म्हणजे दिनांक आणि इतिहासही. उर्दू शाळेतले मूल इतिहासाच्या पुस्तकाला 'तारीख की किताब' म्हणते. दोन्ही भाषा शिकवताना मला नेहमी वाटते की आपल्या शाळांमधून जे दिनविशेष साजरे होतात, त्यांत मराठी अर्थाची तारीख असते, उर्दू अर्थाची नसते. दिवस येतो, इतिहास येत नाही.

शिक्षक वाचकांना हे वेगळे सांगायला नको. जून ते एप्रिल परिपत्रके येत राहतात. बालिका दिन, मराठी भाषा गौरव दिन, जल दिन, वारसा दिन, पर्यावरण दिन, क्रांती दिन, शिक्षण दिन, अल्पसंख्याक हक्क दिवस. तसबिरीला हार घालायचा, दोन मुलांची पाठ केलेली भाषणे, एक घोषणा, एक फोटो, आणि संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचा. मीही इतकी वर्षे हेच केले, म्हणून कोणाला नावे ठेवत नाही.

काही वर्षांपूर्वी १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, मी मुलांना 'आपला वारसा' या विषयावर चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी ताजमहाल काढला. काहींनी लाल किल्ला, दोघांनी चारमिनार, एका मुलीने रायगड. चित्रे चांगली होती. पण आमच्या व्हरांड्यातून आकाश स्वच्छ असले की माथेरानचे पठार दिसते. त्या पठारावर जाणारी छोटी रेल्वे एकाही मुलाने काढली नव्हती. ती कोणी बांधली हे त्यांना माहीत नव्हते, कारण मी कधी सांगितलेच नव्हते. आपला वारसा म्हणजे कुठेतरी दूर, दिल्ली-आग्र्याला असलेली वस्तू, हे मुले माझ्याकडूनच शिकली होती.

त्या दिवसापासून मी एक वही केली. कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांचे वर्ष त्या वहीत लिहू लागलो. त्यातली काही पाने आज वाचकांपुढे ठेवतो.

जानेवारी

वर्ष सुरू होऊन दुसराच दिवस असतो. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन क्रांतिकारक शहीद झाले. एक भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. दुसरे हिराजी गोमाजी पाटील. भाई माथेरानचे, नाभिक समाजातल्या गरीब घरातले. जन्म १ डिसेंबर १९१२ चा. शिकून वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेले, खेड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि शेतकऱ्याला सावकाराकडे जावे लागू नये म्हणून धान्यकोठीची योजना चालवली. हिराजी मानिवलीचे. दोन्ही गावे कर्जत तालुक्यातली.

१९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. मनोरेच का, हे समजायला इथला भूगोल माहीत हवा. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून वीज करण्याचे टाटांचे वीजघर खोपोलीला १९१५ साली सुरू झाले. पुढे कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही झाले. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने या विजेवर चालत. युद्धाचा काळ होता. मुंबईचा माल थांबवायचा तर मुंबईत जायची गरज नव्हती, आपल्या डोंगरातली तार तोडली की पुरे होते. सुशिक्षित वकिलाची बुद्धी आणि रानवाटा पायाखालच्या असलेले सोबती, असा तो मेळ होता. अखेर खबर फुटली आणि सिद्धगडावर शेवट झाला. आजही दरवर्षी २ जानेवारीला लोक त्या जागी जमतात.

आमच्या मुलांना अशफाकउल्ला खान माहीत असतात. १९ डिसेंबर १९२७ ला फैजाबादच्या तुरुंगात ते फासावर गेले, हे ती न अडखळता सांगतात. भाई कोतवालांचे नाव मात्र त्यांनी ऐकलेले नसते. शेजारच्या शाळेतल्या मुलांना भाई कोतवाल ठाऊक असतात, अशफाकउल्ला नसतात. एकाच रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांनी शहीद असे वाटून घेतले आहेत. ही वाटणी मुलांनी केलेली नाही, ती आपण मोठ्यांनी केली आहे.

लगेच ३ जानेवारी येते. सावित्रीबाईंचा जन्मदिवस, साल १८३१. आणि मग ९ जानेवारी, फातिमा शेख यांचा जन्मदिवस म्हणून आपण एकमेकांना शुभेच्छा पाठवतो. २०२५ च्या जानेवारीत एका नामवंत पत्रकाराने 'हे पात्र मीच रचले' असे जाहीर केले आणि गदारोळ झाला. आपल्यातले अनेक जण दुखावले, काही गप्प झाले. शिक्षक म्हणून मला इथे दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. ९ जानेवारी या तारखेला जुन्या कागदाचा आधार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण फातिमा होत्या याला आधार आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात, आपण आजारामुळे माहेरी आल्याने फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख आहे. मालकीण किंवा उपकारकर्ती अशी बाई त्या ओळींत दिसत नाही. कामाचा भार वाटून घेणारी, भरवशाची सोबतीण दिसते. एवढा एक उल्लेख मला शंभर पोस्टरांपेक्षा मोलाचा वाटतो.

आपण आधी तारीख पाठ केली आणि पत्र वाचले नाही, म्हणून कोणी एक वाक्य बोलताच आपले पाय डळमळले. आता मी वर्गात ९ जानेवारीऐवजी ते पत्र वाचायला घेतो, आणि मुलांना विचारतो की या पत्रावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही.

फेब्रुवारी

२ फेब्रुवारी १६६१. उंबरखिंडीची लढाई. जागा खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात. शाहिस्तेखानाने कारतलबखान या उझबेक सरदाराला मोठी फौज देऊन कोकणात उतरायला पाठवले. लोहगडाच्या बाजूने अरण्यातली अवघड वाट धरून ही फौज खाली आली. शिवाजी महाराजांनी तिला खिंडीत येऊ दिले आणि दोन्ही बाजू बंद केल्या. दाट झाडी, अरुंद वाट, वरून मारा आणि पाणी नाही. फौज तहानेने व्याकूळ झाली. शेवटी सोबतच्या रायबागन या मातब्बर स्त्री-सरदाराचा सल्ला मानून खानाने तहाची विनंती केली. खंडणी घेऊन आणि सामान ठेवून घेऊन महाराजांनी त्या फौजेला जिवंत परत जाऊ दिले.

दरवर्षी या दिवशी तिथल्या स्मारकापाशी कार्यक्रम होतो. एका वर्षी वर्गात ही लढाई सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने हळूच विचारले, "सर, आपण कोणाच्या बाजूने होतो?"

प्रश्न भोळा होता, पण मला घाम फुटला. हा प्रश्न आपल्या घराघरातल्या मुलांच्या मनात असतो. विचारायचे धाडस एखाद्यालाच होते. मी त्याला फौजांची यादी सांगितली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन ग्रंथात कारतलबखानासोबत निघालेल्या सरदारांची नावे आहेत. त्यांत अमरसिंह आहे, मित्रसेन आहे, सर्जेराव गाढे आणि जसवंतराव कोकाटे आहेत. रायबागन स्वतः माहूरच्या देशमुख घराण्यातली. आता दुसरी बाजू. उंबरखिंडीच्या आदल्याच वर्षी, १६६० साली, पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेल्या महाराजांना सोडवायला नेताजी पालकरांसोबत जो लढला तो सिद्दी हिलाल. पुढे १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात महाराजांच्या आरमाराच्या वतीने इंग्रजांशी झुंजणाऱ्यांत दौलतखान होता. म्हणजे नावावरून बाजू ठरत नव्हती. चाकरी, वतन, मुलूख आणि निष्ठा यांवरून ठरत होती.

मग मी त्याला सांगितले की आपण या खोऱ्यातले. बाहेरून आलेली फौज गावांतून जाते तेव्हा धान्य, गुरे आणि इज्जत सगळ्यांचीच जाते. खिंडीतली वाट आणि पाण्याची जागा ज्याला माहीत होती तो जिंकला. ती माहिती या मातीतल्या माणसांची होती. उंबरखिंड ही आपल्याही मुलुखाची लढाई आहे, आणि तिथे २ फेब्रुवारीला उभे राहायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मुलगा खाली बसला. त्याला किती पटले ते मी सांगू शकत नाही. पण मला स्वतःला हे उत्तर द्यायला चाळिशी उलटावी लागली.

त्याच महिन्यात २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी मी एक खेळ घेतो. आमची मुले मकतबात अरबी मोजणी शिकलेली असतात : वाहिद, इस्नान, सलासा, अर्बआ. मी फळ्यावर लिहितो : 'इहिदे सितैन अलफ'. आणि सांगतो की हे कुराणातले नाही, मराठी कागदावरचे साल आहे. ओळखा.

शिवकाल आणि पेशवाईतल्या मराठी कागदांवर अशी साले असतात. याला सुहूर सन म्हणतात. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे, म्हणून ते ऋतूंतून मागे मागे सरकत जाते. रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, हे आपण अनुभवतोच. रोज्यांना ते ठीक, पण शेतसारा पीक तयार होण्याआधी मागून कसे चालेल? म्हणून दख्खनमध्ये चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या राजवटीत, सौर वर्षाला बांधलेला हा सन आला. मोजणी अरबी, पण वर्षाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात येतो तेव्हा. शेतकरी पेरणीला लागतो त्याच दिवशी नवे साल. म्हणून याला मृगसालही म्हणत.

आता हिशेब. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, अलफ म्हणजे हजार. झाले १०६१. जानेवारी ते मृग या काळासाठी त्यात ६०० मिळवायचे. १६६१. उंबरखिंडीचे साल! मुलांचे डोळे चमकतात. मोडी कारकुनाने शतकानुशतके लिहिलेली तारीख मकतबातले पोर फळ्यावर सोडवते. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, राज्याभिषेक शकही सुरू केला. तरी सुहूर सन दफ्तरातून गेला नाही, पेशवाई संपेपर्यंत चालला. कारण तो कोणाच्या धर्माचा म्हणून वापरात नव्हता, मृगाच्या पावसाचा म्हणून होता. मराठी भाषेत आपली जागा कुठली, असे ज्या मुलाला वाटते, त्याला मी हे साल दाखवतो.

मार्च

२२ मार्च हा जागतिक जल दिन. परिपत्रक येते, 'पाणी वाचवा' अशी फेरी निघते. याच तारखेला, २२ मार्च १९०७ रोजी, नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. हे मात्र कोणत्याही परिपत्रकात नसते.

ही रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. दाऊदी बोहरा समाजातले हे मुंबईचे मोठे उद्योगपती. १८९७ साली मुंबईचे शेरीफ होते. १९०४ मध्ये काम सुरू झाले, तीन वर्षांत पुरे झाले, खर्च सुमारे १६ लाख रुपये. दोन फूट रुंदीचा मार्ग, सुमारे २० किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी २० फुटांमागे एक फूट चढ. अशा चढावर आणि इतक्या तीव्र वळणांवर साधे इंजिन चालत नाही, म्हणून वळणात चाके वळतील अशी खास इंजिने जर्मनीहून आणली. जुलै २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला. २००७ मध्ये, रेल्वेच्या शंभराव्या वर्षी, तो पुन्हा सुरू झाला. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानची रेल्वे त्या यादीसाठीच्या तात्पुरत्या नोंदीत आहे.

हे सांगताना मी एक काळजी घेतो. 'बघा, मुसलमानाने बांधली' असे म्हणून थांबत नाही. पीरभॉय कुटुंबाचा पैसा आणि जिद्द हा अभिमानाचा भाग आहेच. पण डोंगर फोडणारे हात इथल्या वाड्यांतल्या आणि बाहेरून आलेल्या मजुरांचे होते. माथेरानच्या आधी तिथे वाटा होत्या, आणि त्या वाटांवर ठाकूर आणि कातकरी चालत होते. वारसा सांगताना शेठजी एवढेच आठवले तर तीही अर्धीच तारीख.

आणि जल दिन? त्यालाही आपल्याकडे चांगला धडा आहे. भिवपुरीच्या वीजघरातून वीज करून सोडलेले पाणी पेज नदीत येते, तिथून राजनाल्याच्या कालव्याने कर्जत तालुक्यातल्या शेतांना मिळते आणि उन्हाळी भात होतो. खोपोलीच्या वीजघराचे पाणी पाताळगंगेत जाते, म्हणून ती नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. दुसरीकडे डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन उतार चढतात. पाऊस सगळ्यांवर पडतो, पाणी सगळ्यांना मिळत नाही. वुजू करताना नळ बारीक ठेवा, वाहत्या नदीवरही पाणी उधळू नका, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. पण पाणी वाचवण्यासोबत पाणी कोणाला मिळते, हा प्रश्नही जल दिनी विचारायला हवा.

एप्रिल आणि मे

पुन्हा वारसा दिन, १८ एप्रिल. आता मी मुलांना कोंदिवडेजवळची कोंडाणे लेणी दाखवतो. जमले तर सहल नेतो, नाहीतर चित्रे दाखवतो. राजमाचीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली ही लेणी. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एका यक्षाच्या शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. तिचा अर्थ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजाचे नाव नाही, दाता कोण तेही नाही. ज्याने छिन्नी चालवली त्याचे नाव आहे, आणि त्याच्या उस्तादाचे.

तीन दिवसांनी २१ एप्रिल. १८६३ साली या दिवशी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. खोपोलीपर्यंत गाडी १८५६ मध्येच आली होती. तिथून प्रवासी पालखीने, डोलीने किंवा चालत घाट चढत. घाटातला मार्ग बांधायला सात वर्षे लागली. २५ बोगदे. १८६१ साली कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. कॉलरा आणि तापाने किती गेले त्यांची मोजदाद नाही. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये कामगारांनी दंगा केला, त्यानंतर पहिला ठेकेदार काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने मेला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवला आणि अभियंत्यांच्या मदतीने काम तडीस नेले.

दहा दिवसांनी १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. झेंडावंदन होते, कामगारांचा विषय निघत नाही. आपल्याकडे या दिवशी बोरघाटाच्या मजुरांची आठवण व्हायला हवी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव आपल्याला वाचता येते आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या ४२ हजारांतले एकही नाही. मुंबई-पुणे गाडीत बसलेल्या मुलांना मी बोगदे मोजायला सांगतो, आणि प्रत्येक बोगद्याला मनातल्या मनात दुआ द्यायला सांगतो.

जुलै आणि ऑगस्ट

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी. ठाकरांची वस्ती. दिवसभर धुवाधार पाऊस, रात्री दरड आली आणि झोपलेली घरे गाडली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला जाणारे अंधारात, चिखलात, चालत चढले. यंत्रे वर नेता आली नाहीत, कुदळी-फावड्यांनी माती उपसली. चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. वाचलेल्या कुटुंबांना पुढे चौकजवळ नवी घरे मिळाली.

ही तारीख अजून इतिहासाच्या पुस्तकात गेलेली नाही. पण माझ्या वहीत ती सर्वांत ठळक आहे. भाई कोतवालांना आपण पाहिले नाही, इरशाळवाडी आपल्या डोळ्यांदेखत गेली. १९ जुलैला नुसते मौन पाळून भागत नाही. त्या दिवशी मी मुलांना चार खुणा पाठ करायला सांगतो : घरामागच्या जमिनीला भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, दारे-खिडक्या अडकू लागणे. यातले काही दिसले तर रात्र पडायच्या आत घर सोडायचे आणि जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवायचे. आमच्या मुलांतली काही डोंगराच्या कुशीत राहतात. त्यांच्यासाठी ही माहिती भाषणापेक्षा मोठी आहे.

९ ऑगस्ट हा क्रांती दिन आणि जागतिक आदिवासी दिनही. शहरात हे दोन वेगळे कार्यक्रम असतात. आपल्याकडे ते एकच आहेत, कारण भाई कोतवालांना आसरा मिळाला तो रानातल्या लोकांचा. आणखी एक धागा. 'भारत छोडो' ही घोषणा ज्यांच्या नावावर आहे ते युसूफ मेहेरअली, १९४२ साली मुंबईचे महापौर. त्यांच्या नावाचे केंद्र आपल्या शेजारी, पनवेल तालुक्यात तारा गावी आजही काम करते. एका मुंबईकर मुसलमानाने शब्द दिले, माथेरानच्या एका नाभिकाच्या पोराने ते डोंगरात नेऊन खरे केले. शहीद वाटून घेणाऱ्यांना मी ही दोन नावे एका ओळीत लिहून दाखवतो.

वर्षाच्या शेवटी

नोव्हेंबरात ९ तारखेला उर्दू दिन, ११ तारखेला मौलाना आझादांची जयंती म्हणून राष्ट्रीय शिक्षण दिन, १८ डिसेंबरला अल्पसंख्याक हक्क दिवस. हे दिवस आपले म्हणून आपण उत्साहाने साजरे करतो, आणि करावेत. पण माझी एक तक्रार आहे, आणि ती आपल्याच लोकांविषयी आहे. वर्षातले हे तीन-चार दिवस आपले आणि बाकीचे त्यांचे, असे आपण नकळत मानले आहे. मग कोणी म्हणाले की इथल्या इतिहासात तुमचे काय, तर आपण चिडतो. उत्तर चिडण्यात नाही. २ जानेवारीला सिद्धगडावर, २ फेब्रुवारीला उंबरखिंडीत, १९ जुलैला इरशाळवाडीच्या लोकांसोबत आपण असलो, तर तो प्रश्न विचारणारा आपोआप कमी होईल. आणि समोरच्यांनाही मी हेच सांगेन की २२ मार्चला पीरभॉय आणि ९ ऑगस्टला मेहेरअली ही नावे तुमच्याही कार्यक्रमात घ्या.

दिवस साजरा करताना आता मी मुलांना तीन प्रश्न देतो. हे कुठे घडले? हे खरे कशावरून? आणि त्यासाठी आज आपण काय करू? पहिल्या प्रश्नाने दिवस आपल्या गावात येतो. दुसऱ्याने अफवा बाजूला होते, मग ती आपल्या बाजूची असो की दुसऱ्याच्या. तिसऱ्याने तो दिवस संध्याकाळच्या अहवालात संपत नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जुने कागद असतील, निकाहनामे, शेताचे उतारे, मोडी किंवा उर्दूतली पत्रे, तर ती रद्दीत घालू नका. आजी-आजोबांना विचारा की घाटात, रेल्वेत, वीजघरात, माथेरानला आपले कोण कामाला होते. ऐकाल ते तारखेसह लिहून ठेवा.

गेल्या वारसा दिनी मी पुन्हा चित्रे काढायला सांगितली. ताजमहाल याही वेळी होता, आणि तो असावाच. पण तीन चित्रांत वळणावर धूर सोडणारी माथेरानची गाडी होती. एका मुलाने लेण्याच्या भिंतीवर अक्षरे काढली होती आणि खाली उर्दूत लिहिले होते, 'बलक'. स्पेलिंग चुकले होते. मी ते दुरुस्त करून दिले आणि चित्र वर्गात लावले.